शीतल, तुझ्या यादीतलं ‘व्हय’

शीतल,

तुझ्या शोकसभेत मला ओकारी आली. उठून शाळेमागच्या नळापाशी गेले, तोंड धुतलं आणि परत येऊन पहिल्या रांगेत बसले. लोकांना वाटलं, बाईंना सहन होत नाही. सहन होत नव्हतंच, पण त्याचं कारण त्यांना माहीत नव्हतं. तुला माहीत आहे, म्हणून तुलाच लिहिते.

तुझ्या गावची तीच शाळा, जिथे हिंगोलीहून एसटीनं येऊन मी इंग्रजी शिकवत असे. तोच हॉल, तीच सतरंजी. टेबलावर तुझा हार घातलेला फोटो, ओळखपत्रावरचा मोठा केलेला, त्यामुळे तू कुठल्याशा ऑफिसात नोकरी मागायला आल्यासारखी दिसत होतीस. एक गृहस्थ बोलायला उठले. म्हणाले, “मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली असूनही शीतल किती शुद्ध बोलायची! आणि याचं सारं श्रेय आपल्या बाईंना.” सगळे माझ्याकडे बघायला लागले. काहींनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! आणि मी काय केलं? मान किंचित लववली. सवयीनं. त्या ‘असूनही’वर मी उभं राहायला हवं होतं. तुझे वडील मागे भिंतीला टेकून बसले होते, ‘असूनही’ त्यांच्याबद्दल होतं.

पण ओकारी आली ती त्यानंतर.

तुझी प्रयोगशाळेतली मैत्रीण फरहीन तुझी बॅग, लॅपटॉप आणि फोन घेऊन आली होती. पोरगी चांगली आहे. तिला वाटलं, तू दोन वर्षं काय करत होतीस ते गावाला दाखवावं. तिनं तुझा ‘कळप’ हा फोनवरचा खेळ सुरू केला. फोन सतरंजीवर धरला की पडद्यावर तीच सतरंजी दिसायची आणि तिच्यावर तुझी मेंढरं चरत असायची. गर्दी झाली. कुणी म्हणालं, “इकडं धर, फोटोजवळ आण.” मेंढरं तुझ्या फोटोच्या टेबलाखाली गेली. दोन पोरींनी तिथे उभं राहून सेल्फी काढले, मागे तुझा हार आणि पुढे खोटं कोकरू. मला किळस आली. पण तरी मी पाहत होते, कारण मेंढरू टेबलाच्या पायामागे गेलं की बरोबर तेवढंच झाकलं जात होतं. तुझं काम चोख होतं.

मग कुणीतरी फोन तुझ्या वडिलांच्या हातात दिला. “मारोतराव, बघा, तुमच्या पोरीनं केलंय.” त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, ओंजळीत पाणी धरावं तसा. पडद्यावर एक जनावर पाय उचलून उभं होतं. आणि फोनमधून माझा आवाज आला, तू भरून घेतलेला.

“ही मेंढी आजारी आहे का?”

तुझ्या वडिलांनी फोन डोळ्यांजवळ नेला. म्हणाले, “मेंढी न्हाई ही. शिंगं बघा की. मेंढा हाय. पण व्हय, खुरात हाय त्याच्या. खुरी आलीय.”

“उत्तर समजले नाही. कृपया पुन्हा बोला.”

“व्हय,” ते म्हणाले.

“उत्तर समजले नाही. कृपया पुन्हा बोला.”

“व्हय! व्हय म्हणलं की!”

लोक हसायला लागले. कुणी म्हणालं, “मारोतराव, मशीनला तुमची भाषा कळंना.” माझ्या आवाजानं तिसऱ्यांदा तेच म्हटलं. तेव्हा तुझ्या वडिलांनी फोन खाली ठेवला, डोक्याचा पटका नीट केला आणि फोनला हात जोडले. “चुकलं असंल, बाई,” ते म्हणाले.

पन्नास वर्षं मेंढरं राखलेला माणूस. उत्तर बरोबर. त्यात माझी एक चूक दुरुस्तही केली त्यांनी. आणि माफी त्यांनी मागितली.

मी नळाकडे गेले ती तेव्हा.

त्या संध्याकाळी नातवंडांचा टोरांटोहून फोन आला. त्यांची शीतलताई गेली हे त्यांना आईनं सांगितलं होतं. पडद्यावर अनय आणि इरा होती. इरा माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “आजी, तू रडत नाहीयेस. तू रागावली आहेस का?” मी म्हटलं, हो, फार. “शीतलताईवर?” मी म्हटलं, लिहून कळवते. तर हे तुला लिहितेय आणि त्यांनाही पाठवणार आहे. ती दोघं तुझ्या खेळात पैकीच्या पैकी मिळवणारी, त्यांना हे कळायलाच हवं.

तू पहिल्यांदा माझ्यासमोर उभी राहिलीस ती आठवीत, माझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी. मी काहीतरी लिहायला सांगितलं आणि तू विचारलंस, “काहून, बाई?” वर्ग हसला नाही, कारण वर्ग तसंच बोलत होता. मीच हसले. आणि ‘काहून’ खोडून ‘का’ असं तुझ्या वहीत लाल पेनानं लिहिलं. तू शिकलीस. फार लवकर शिकलीस. एकदा घरी जाऊन आईला “जेवण झालं आहे” म्हणालीस, तेव्हा आई म्हणाली होती, “लई शिकली गं बाई! आता मेंढरं तुला वळखायची न्हाईत.” हे तूच मला हसत हसत सांगितलंस आणि मी ते वर्षानुवर्षं माझ्या यशाची गोष्ट म्हणून पाहुण्यांना सांगत आले. आता ती गोष्ट तोंडात आली तरी कडू लागते.

नंतर तू इंजिनिअर झालीस, एम.टेक.ला गेलीस, पण सुटीत आलीस की माझ्याकडे यायचीसच. प्रबंधाचा विषय ठरला तेव्हा मला समजावून सांगायला माझ्या अंगणातच मेंढरं सोडलीस. “घाबरू नका बाई, लेंड्या पडायच्या न्हाईत.” मी गुडघ्यांचं दुखणं विसरून एका कोकराच्या मागे फिरले. ते थेट धुण्याच्या दगडातून आरपार गेलं. मी म्हटलं, “दगडातून जाणारं मेंढरू मी अजून पाहिलं नाही.” तू कपाळावर हात मारलास. “तेच तर जमून नाही राहिलं, बाई! खऱ्या वस्तूमागं खोटी वस्तू लपली पाहिजे. न्हाईतर लेकरू एका मिनिटात म्हणतं, हे खोटं हाय.” काही महिन्यांनी परत आलीस आणि मला काही न सांगता फोन त्या दगडासमोर धरलास. कोकरू दगडामागे गेलं. फक्त कान दिसत राहिले. तू माझ्याकडे जसं पाहिलंस, तसं माझ्या स्वतःच्या लेकीनंही तिच्या कुठल्याच बक्षिसानंतर पाहिलं नव्हतं. त्या दुपारीबद्दल मी तुझी ऋणी आहे. ती माझ्याकडून कुणी घेऊ शकत नाही, मी स्वतःसुद्धा.

तुझं म्हणणं साधं होतं. फोनवरचे सगळे खेळ वाचता येणाऱ्या मुलांसाठी. तुझ्या चुलत भावंडांची पोरं कळपाबरोबर चार महिने गावाबाहेर, शाळा सुटलेली, अक्षरांना बुजणारी. पण त्यांना मेंढराच्या कानावरून त्याचा ताप कळतो. “लेकराला वाचता आलं न्हाई तरी बोट दाखवता येतं, बाई. अन् बोलता येतं. मग फोननं त्याचं बोलणं ऐकावं.” असा खेळ, ज्यात पडद्यावर एकही अक्षर नाही. फोन विचारणार, मूल बोलणार.

त्यासाठी तू ती यादी केलीस. फोननं कुठले शब्द ओळखायचे त्यांची. स्वच्छ अक्षरात दोन पानं: व्हय, न्हाई, काहून, लंगडतंय, खुरी, मेंढरू, गाभण. माझ्यासमोर ठेवलीस आणि म्हणालीस, “बाई, बघून द्या.”

शीतल, मी बघितली. माझ्या हातात लाल पेन होता. असतोच. मी ‘व्हय’ खोडून ‘होय’ लिहिलं. ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं, ‘काहून’चं ‘का’. ‘मेंढरू’ खोडून ‘मेंढी’ लिहिलं, कारण मला ते जरा ग्राम्य वाटलं. मला वाटलं, यादी म्हणजे लिखाण, आणि लिखाण म्हणजे तपासायचं.

तू म्हणालीस, “बाई, ही लेकरांनी काय म्हणावं त्याची यादी न्हाई. लेकरं काय म्हणतात त्याची हाय.”

“मग चांगलं म्हणायला शिकव त्यांना. खेळातून शिकतील.”

“शिकतील, पण आधी खेळतील तर खरं.”

“शीतल, तू कुठून कुठे आलीस ते विसरू नकोस.”

तू यादीकडे पाहिलंस, माझ्या लाल पेनाकडे पाहिलंस. म्हणालीस, “बरं, बाई.”

त्या ‘बरं, बाई’चा मला आज वीट आलाय. अकरा वर्षं तू ते म्हणत होतीस आणि मी त्याला पटणं समजत होते. कान नसलेलं एक यंत्र तू बनवत होतीस, त्याला कान द्यायला माझ्याकडे आलीस, आणि मी ते दोन्ही कान लाल रेघेनं कापून तुला परत दिले. वर बोललेही, तू कुठून कुठे आलीस.

मग आवाजही मीच दिला. उच्चार स्वच्छ म्हणून. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून तू मला गोधडीखाली बसवलंस. घामानं निथळत मी वाक्यं वाचत होते आणि तू बाहेरून विचारायचीस, “बाई, जिवंत आहात ना?” ‘उत्तर समजले नाही’ एवढंच तू लिहिलं होतंस. ‘कृपया पुन्हा बोला’ माझी भर. सौजन्य हवं, मी म्हटलं. ‘ही मेंढी’ हेही माझंच. तुझ्या कागदावर ‘हे मेंढरू’ होतं. पडद्यावरच्या त्या जनावराला तू शिंगं दिली होतीस. मेंढरू म्हटलं की मेंढा आणि मेंढी दोन्ही आले, हे तुला ठाऊक होतं, कळप राखणाऱ्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. मी एका नराला मेंढी करून टाकलं आणि त्याला शुद्ध भाषा म्हटलं. तू गोधडी उचललीस, मला पाणी दिलंस.

अनय आणि इरानं टोरांटोत खेळ खेळून पाहिला तेव्हा तू व्हिडिओवर होतीस. त्यांच्या फ्रिजजवळ तुझी मेंढरं. “होय आजी!” “नाही आजी!” एकही उत्तर चुकलं नाही. मी किती फुशारले. तू वहीत नोंद केलीस आणि हळूच म्हणालीस, “बाई, तुमच्या नातवंडांनी मेंढराला कधी हात लावला न्हाई, अन् कळपातले सगळ्यात हुशार तेच निघाले.” मी ते कौतुक समजले. इरा, ते कौतुक नव्हतं गं. तुम्ही दोघं हुशार आहातच. पण फोन फक्त तुमच्याच बोलीला उघडा होता, कारण तुमची बोली आजीची होती.

आणि मग तू तोच खेळ घेऊन सिद्धेश्वर धरणाच्या काठी गेलीस, जिथे पाणी मागे हटलं की कळप बसतात. तिथे जे झालं ते तू प्रबंधात लिहिलंस आणि तो मसुदा इंग्रजी तपासायला मला पाठवलास. मी वाचत गेले, स्वल्पविराम लावत गेले. चौथ्या प्रकरणात तो परिच्छेद आला. फोन बोलायला लागला की मुलं खेळणं थांबवत. काही उठून उभी राहत, हात जोडून, वर्गात उभी राहतात तशी. एक मुलगी म्हणाली, बाई बोलून राहिली, गप बसा. ज्या मुलांनी आवाजाआधी मेंढरांची दुखणी बोटानं बरोबर दाखवली होती, त्यातली बहुतेक आवाजानंतर गप्प झाली. जी बोलली त्यांचे शब्द फोननं नाकारले. तू शेवटी लिहिलं होतंस की यात दोष मुलांचा नाही, आवाजाचा आणि यादीचा आहे, आणि ती निवड माझी आहे.

‘माझी’ म्हणजे तुझी. तिथेही तू माझं नाव घातलं नाहीस.

मी तो परिच्छेद पूर्ण खोडला. समासात लाल अक्षरात लिहिलं, ‘इर्रेलेव्हंट’. हाताला इतका राग होता की कागद फाटला.

मसुदा परत मिळाल्यावर तुझा फोन आला. तेव्हा तुला थोडी कणकण होती, मला ते माहीत नव्हतं. आवाज बसलेला वाटला, मला वाटलं रुसलीय. तू म्हणालीस, “बाई, बाकी सगळं खोडा. तेवढा परिच्छेद राहू द्या. माझ्या कामात तेवढंच खरं हाय.”

आणि मी म्हटलं, “‘हाय’ नाही. ‘आहे’.”

तू म्हणालीस, “बरं, बाई.”

आठवड्यात तापानं तू गेलीस. तुझ्याशी माझं शेवटचं वाक्य व्याकरणाचं आहे. यापेक्षा हीन शेवट मी तरी ऐकलेला नाही.

सभेच्या दुसऱ्या दिवशी तुझे वडील आणि फरहीन माझ्याकडे आले. तुझ्या मार्गदर्शकांनी सांगितलंय, प्रबंध पूर्ण आहे, फक्त दुरुस्त केलेली शेवटची प्रत द्यायची, पदवी तुझ्या नावानं मिळेल. मी खोडलेला मसुदा तुझ्या बॅगेतच होता. त्यातल्या दुरुस्त्या तू कॉम्प्युटरवर उतरवल्याच नव्हत्यास. फरहीननं विचारलं, “मॅडम, यातल्या सगळ्या दुरुस्त्या घ्यायच्या ना?” तुझे वडील म्हणाले, “बाई, तुमी येकदा बघून द्या. पोरीच्या नावावर चूक राहू नये.”

चूक राहू नये! मी हसले असते, तर तो माणूस घाबरला असता.

त्यांना मी चहा दिला. तुझ्या वडिलांनी बशीत ओतला आणि फुंकत बसले. मी म्हटलं, “मारोतराव, काल सभेत तुमचं काही चुकलं नव्हतं. तुमचं उत्तर बरोबर होतं. मशीन चुकलं.”

“मशीन काय चुकंल, बाई. पोरीनं केलेलं हाय.”

“पोरीनं बरोबर केलं होतं. मी बिघडवलं.” आणि मी तुझ्या बॅगेतली यादी काढून त्यांना दाखवली. त्यांना वाचता येत नाही, पण लाल रेघा दिसतात. मी एकेक शब्द वाचला आणि त्याच्यावर काय केलं ते सांगितलं. पहिल्याच ‘व्हय’वर ते म्हणाले, “हे काहून खोडलं?”

काहून. त्याच्यावरही माझी रेघ होती.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “जाऊ द्या. तुमाला मेंढरांचं काय म्हाईत असणार.” एवढंच. मला त्यात क्षमा ऐकू आली नाही आणि मी ती शोधलीही नाही.

फरहीन म्हणाली, यादी बदलणं दहा मिनिटांचं काम. तिनं तिथेच बसून ते केलं. आवाज मात्र नवा घ्यावा लागेल. तुझ्या वडिलांना विचारलं तर म्हणाले, “माझा आवाज? मेंढरं पळत येतील फोनमधी.” पुढच्या आठवड्यात ती गावी जाऊन तुझ्या आईचा आवाज घेणार आहे. तोवर खेळात मीच आहे. तिनं फोन पुन्हा तुझ्या वडिलांच्या हातात दिला. माझं अंगण, धुण्याचा दगड, त्याच्यापुढे पाय उचलून उभा तोच मेंढा.

“ही मेंढी आजारी आहे का?”

“व्हय,” ते जरा दबकतच म्हणाले.

“बरोबर,” माझा आवाज म्हणाला.

त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. मी शेजारी उभी होते. मी म्हटलं, “मेंढी न्हाई, मारोतराव. मेंढा हाय.”

ती दोघं गेल्यावर मी मसुदा घेऊन बसले. तुला आठवीत मी एक खूण शिकवली होती, आठवतं? मजकूर चुकून खोडला तर पुन्हा लिहीत बसायचं नाही. खोडलेल्या अक्षरांखाली टिंबं द्यायची. म्हणजे छापखान्यात अक्षरं जुळवणाऱ्यानं समजायचं, हे जसंच्या तसं राहू द्या. मी चौथ्या प्रकरणातल्या त्या परिच्छेदाखाली टिंबं दिली, ओळीमागून ओळ. ‘इर्रेलेव्हंट’ खोडलं. शेवटच्या वाक्यात फक्त ‘निवड माझी’पुढे तळटीप घातली: यादी आणि आवाज शिक्षिकेच्या आग्रहावरून बदलले. खाली माझं नाव. प्रत फरहीनकडे गेली आहे.

यानं माझी शिसारी गेली असं अनय-इराला वाटू नये. टिंबं दिली तरी वरची लाल रेघ कागदावर राहतेच.

मुलांनो, हे पत्र मी टाइप न करता हातानं लिहिलंय आणि फोटो काढून पाठवतेय, कारण टिंबं टाइप करायला मला जमत नाहीत. खालच्या ओळीतले लाल ठिपके शाईचे डाग समजू नका. ते नीट मोजून दिलेत, प्रत्येक अक्षराखाली एक.

शीतल, तुझं वाक्य. मध्ये न बोलता लिहिते.

माझ्या कामात तेवढंच खरं हाय.